शंभर रुपयांची पावती

लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि तो कपड्यांतून दोन दिवस जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मी गावी आले होते, तेव्हा नाना बांधाच्या कडेला बसून नुकतीच भादरलेली लोकर पेटवत होते. पालापाचोळा पेटवावा तितक्या सहज. "व्यापारी येईना झालाय. भादरणाऱ्याला मेंढीमागं पैसं द्यायचं, आन लोकर इकून तेवढंबी सुटत न्हाईत," म्हणाले. न भादरून चालत नाही, अंगाला गोचीड होते. मग भादरायची आणि जाळायची. तिथून तीन किलोमीटरवर आमच्या जुन्या घराला लागून तात्यांचा खड्डा माग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, आहे. कताई करणाऱ्या बायका उरल्या नाहीत, सूत मिळत नाही, म्हणून तो महिन्यातून जेमतेम आठ दिवस चालायचा.

मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते. सामाजिक उद्योजकतेचं सहा महिन्यांचं एक प्रशिक्षण केलं होतं, त्याची वही पिशवीत होती. तिथल्या तिथे हिशेब मांडला: लोकर इथे, माग तिथे, मध्ये एक संस्था हवी. हिशेब बरोबरच होता, फक्त त्यात गाव कुठेच नव्हतं. पुढचं सव्वा वर्ष मी ती जागा भरत बसले. हल्ली इतर तालुक्यांतून फोन येतात, मेंढपाळ-विणकरांची कंपनी कशी केली, किती पैसे लागले. सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी थोडं गावाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव आटपाडी तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला. माणदेश म्हणतात तो हा पट्टा. पाऊस नाही म्हणून माणसं कायम बाहेर. मेंढपाळ दिवाळीनंतर कृष्णाकाठी उतरतात, लोकांच्या रानात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे घेतात आणि मृगाच्या सुमारास परततात. विटा-आटपाडी भागातले तरुण सोन्या-चांदीच्या गलाईत, म्हणजे धातू गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, थेट तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पांगलेले. त्याआधीची पिढी मुंबईच्या गिरण्यांत. आम्ही सनगर. आजोबा घोंगडी विणायचे, अण्णा गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. काही महिन्यांनी अण्णा ट्रंक घेऊन गावी आले, ते परत गेलेच नाहीत. हे घरगुती पाल्हाळ वाटेल, पण कंपनीच्या एकेका कागदावर यातलं काहीतरी येऊन बसलेलं आहे.

कुठली संस्था काढायची, यावर जानेवारी ते एप्रिल २०२३ गेले. ट्रस्ट केला तर मेंढपाळ मालक होत नाहीत, लाभार्थी होतात. सेक्शन आठची कंपनी केली तर नफा वाटता येत नाही. स्वभावाला जुळणारी खरं तर सहकारी संस्था. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, हे आम्हाला शाळेत होतं. पण आमच्या गावात 'सोसायटी' म्हटलं की प्रवरानगर आठवत नाही. १९८०च्या दशकात गावातच निघालेली आणि चार वर्षांत बुडालेली लोकर सोसायटी आठवते. मी तेव्हा जन्मलेलीही नव्हते. ती आठवण केवढी ताजी आहे हे मला जुलैत कळलं, पण त्याचं पुढे येईलच.

शेवटी उत्पादक कंपनी ठरली. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात हा प्रकार आला आणि २०२० च्या दुरुस्तीने तो २०१३ च्या कायद्यात २१-अ प्रकरण म्हणून बसवला गेला. नाव कंपनीचं, वागणं बरंचसं सहकारासारखं: शेअर कितीही असोत, माणसाला मत एकच. नोंदणीला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात. आमच्या कामाची गोष्ट व्याख्येत सापडली. 'प्राथमिक उत्पादना'त पशुपालनाबरोबर हातमाग, हस्तकला आणि कुटीरोद्योगाचं उत्पादनही येतं. म्हणजे मेंढपाळ, सूत कातणारी आणि विणकर तिघंही एकाच कंपनीचे सभासद होऊ शकतात. कंपन्यांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या सांगलीच्या कंपनी सेक्रेटरी मॅडमनी हे दाखवलं तेव्हा मला फार आनंद झाला. त्यांनी लगेच पुढचं वाक्य वाचलं: सभासद फक्त उत्पादकच. मी मेंढरं राखत नाही, कातत नाही, विणत नाही. त्यामुळे 'माझी' कंपनी म्हणून मी जी नाचत होते, तिची मी सभासद नाही. कायद्यानुसार मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचाच नेमायचा असतो, ती नोकरी मात्र मिळाली.

पहिली बैठक १० मे २०२३ ला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ठेवली. प्रोजेक्टर मागवला होता. अकरा माणसं आली, त्यांत मेंढपाळ एकही नाही. मे महिन्यात मेंढपाळ गावात नसतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही तारीख ठरवताना मी फक्त माझी रजा पाहिली. दुसरी चूक जागेची. हॉल म्हणजे सत्तेतल्या गटाचा. दुसऱ्या गटाचा माणूस उन्हात उभा राहील, पण त्या पायऱ्या चढणार नाही.

अण्णांनी त्या रात्री जेवताना एवढंच विचारलं, "पारावर का न्हाई घेतलीस?" आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होतं. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना करून गावपंचायतींकडे कारभार सोपवला. त्या काळात आमच्या गावची पंचायत पिंपळाच्या पारावर बसायची, असं आजोबा सांगायचे. पार कुठल्याच गटाचा नाही. भांडणतंटा, जत्रेचा हिशेब, सगळं अजून तिथेच होतं. दुसरी बैठक २ जुलैला पारावर झाली, प्रोजेक्टरशिवाय. बासष्ट माणसं आली, त्यातली एकोणीस बायका.

मी प्रशिक्षणातल्या वहीप्रमाणे बोलले. शेअर हजार रुपयांचा, भांडवल जास्त दिसलं की बँक आणि योजना दारात येतात, वगैरे. लोक ऐकून घेत होते. मग आक्का उठल्या. सत्तरीच्या असतील, सूत कातण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. घरी गेल्या आणि दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आल्या. शंभर रुपयांची पावती. सोसायटीचा गोल शिक्का, खाली महसुली तिकिटावर आडवी सही, साल १९८७. घडीवर कागद पार झिरझिरीत झालेला.

"पोरी, तुज्या कंपनीची पावती हिच्याच शेजारी ठिवायची का?"

कोणी हसलं नाही. पाराच्या दुसऱ्या टोकाहून एक बाप्या म्हणाला, त्याच्याकडे दोन आहेत. मग एकेकाने सुरुवात केली. कोणाच्या वडिलांनी मेंढरू विकून शेअर घेतला होता, कोणी सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिला आणि त्याच्या घरावर जप्ती आली. पुण्यात आम्हाला शिकवलं होतं की लोक नव्याला बिचकतात, त्यांना समजावून सांगावं लागतं. इथे तर लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. वही मिटली आणि विचारलं, "मग किती घ्यायचे?"

आक्काच म्हणाल्या, "शंभरच घे. गेलं तर तेवढंच गेलं म्हनीन."

दहा रुपयांचा शेअर, प्रत्येकाने किमान दहा घ्यायचे, असं ठरलं. मॅडम फोनवर हसल्या. केंद्राच्या २०२० सालच्या दहा हजार एफपीओंच्या (शेतकरी उत्पादक संघटनांच्या) योजनेत सपाट भागात किमान ३०० सभासद लागायचे आणि सभासदाच्या भागभांडवलाइतकंच, माणशी २,००० रुपयांपर्यंत, अनुदान मिळायचं. आम्ही ८४ जण, एकूण ८,४०० रुपये. त्या योजनेचा विचार तिथेच सोडला आणि अजून तरी पस्तावा नाही.

मग भांडवल कुठून? कायद्यात एक छान सोय आहे. सभासदाच्या मालाची सगळी किंमत लगेच न देता काही भाग मागे ठेवता येतो आणि वर्षाअखेर तो रोख, वस्तूरूपात किंवा शेअरच्या रूपात देता येतो. पुढच्या बैठकीत मी हे सांगताना 'कपात' हा शब्द वापरला आणि पार पेटला. ऊस घालणारे पाहुणे प्रत्येकाचे आहेत. कारखान्यांच्या कपाती आणि 'बिनपरतीच्या ठेवी' म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. तो आरडाओरडा तात्यांनी थांबवला. म्हणाले, "आरं, ही पयली उचल आन दुसरा हप्ता म्हनतीया. सरळ तसं म्हन की गं." एका क्षणात सगळ्यांना कळलं. ऊसदराच्या आंदोलनांनी आमच्यासाठी हे शब्द आधीच घडवून ठेवले होते. लोकरीला किलोला ३० रुपये ठरले, २२ पहिली उचल, ८ दुसरा हप्ता. नियमावलीच्या मराठी टिपणात आजही हेच दोन शब्द आहेत.

जुलै-ऑगस्ट कागदांत गेले. कंटाळवाणं आहे, पण ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी हेच कामाचं. संचालक पाच: नाना, आणखी एक मेंढपाळ, तात्या, आक्का आणि त्यांची जाऊ. प्रत्येकाला पॅन, आधार आणि डिजिटल सही. पॅन दोघांकडे नव्हतं. फी १०७ रुपये, पण अंगठा लावणाऱ्याच्या अर्जावर तो अंगठा नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित करावा लागतो. हे माहीत नसल्याने नानांचा अर्ज एकदा परत आला. आधारवर आक्कांचं नाव लाडाचं, पॅनवर कागदोपत्री. डिजिटल सही मिळायला दोन्ही जुळावी लागतात. नानांच्या बोटांच्या रेषा लोकरीच्या कामाने आणि वयाने पुसट झालेल्या, यंत्र ठसा घेईना. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, म्हणून आधी सगळ्यांचे मोबाइल जोडून घ्या, मग बाकीचं. आणि नंबर त्या माणसाचाच असू द्या. मुलाचा, जावयाचा नको.

नोंदणीकृत कार्यालय म्हणून आमचं जुनं घर दिलं. आजोबांचा माग तिथेच होता. खड्डा अण्णांनी कधीच बुजवलेला. पत्त्याचा पुरावा म्हणून दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल आणि मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. बिल आलं आजोबांच्या नावाने. आजोबा २००९ मध्ये गेले. मृत माणसाकडून ना-हरकत आणता येत नाही. मृत्यू दाखला, वारसांची संमती, नाव बदलण्याचा अर्ज यात तीन आठवडे गेले. तुम्ही कंपनीचा विचार पहिल्यांदा कराल त्या दिवशी घरी जाऊन बिलावरचं नाव बघा.

कंपनीचं नाव पहिल्यांदा नाकारलं गेलं. त्याच्याशी मिळतंजुळतं नाव आधी नोंदलेलं होतं. अर्जाचे १,००० रुपये गेले, दुसऱ्यांदा पुन्हा १,०००.

सप्टेंबरच्या १४ तारखेचा दिवस मला सगळ्यात लख्ख आठवतो. मेमोरँडमवर, म्हणजे कंपनीच्या घटनापत्रावर, दहा जणांनी सह्या करायच्या होत्या. त्यातले चार अंगठेवाले. नियम असा आहे की सही न येणाऱ्याला मेमोरँडम आणि नियमावली वाचून दाखवायची, समजावून सांगायची आणि तसं केल्याची नोंद लिहून वाचणाऱ्याने खाली सही करायची. बऱ्याच ठिकाणी ही नोंद नुसतीच लिहिली जाते, असं मला एकाने सांगितलंही. "कोन बघतंय," म्हणाला. अण्णा मात्र हटूनच बसले. गिरणीतल्या युनियनची सवय: सभेत वाचलं नाही ते मंजूर नाही.

दुपारी दोनला पारावर सुरू केलं. इंग्रजी वाक्य मी मराठीत सांगायचं, अण्णांनी ते सोपं करायचं. उद्दिष्टांच्या कलमाला तासभर गेला. तात्यांना 'घोंगडी' हा शब्द कागदावर हवाच होता, तो कंसात घातलेला दाखवला तेव्हा त्यांनी बोट ठेवून अक्षरं लावून पाहिली. मग मर्यादित दायित्वाचं कलम आलं.

"म्हंजी बुडाली तर माज्या मेंढरावर जप्ती?" नाना.

"नाही नाना. तुम्ही घेतलेल्या शेअरची रक्कम भरायची राहिली असेल तर तेवढीच. तुम्ही शंभर भरलेत. पुढं काही नाही."

"मंग सोसायटीत कशी आली हुती?"

अण्णांनी सांगितलं की ती जप्ती शेअरवरची नव्हती, जामीनकीची होती. जामीन म्हणून ज्याने अंगठा दिला, त्याच्यावर आली. नाना बराच वेळ गप्प बसले. बहुतेक छत्तीस वर्षांत त्यांना हा फरक कोणी सांगितला नव्हता. मग विचारलं, "ह्या कागदात जामीन कुटं हाय?" नाही म्हटल्यावर बोट पुढे केलं. शाईचं पॅड वाळलेलं होतं, आक्कांनी त्यावर चहाच्या ग्लासातलं पाणी शिंपडलं. चारही अंगठे जरा तपकिरीच उमटले आहेत.

२७ सप्टेंबरला अर्ज गेला. ५ ऑक्टोबरला त्रुटी आली: सभासद उत्पादक असल्याचा पुरावा अपुरा. शेतकरी असला की सातबारा जोडतात. आमचे निम्मे मेंढपाळ भूमिहीन. त्रुटी दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. त्यात मेंढपाळांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीकरणाच्या नोंदीवरून दाखले घेतले आणि विणकर आणि सूत कातणाऱ्या बायकांसाठी कारागीर ओळखपत्रं जोडली. हे आधीच गोळा करून ठेवलं तर तीन आठवडे वाचतील. १८ ऑक्टोबरला पुन्हा पाठवलं, ६ नोव्हेंबरला प्रमाणपत्र, पॅन आणि टॅन (करकपातीचा क्रमांक) एकदमच आले. मी अंगणात एकटीच होते. आनंद झाला आणि लगेच पोटात गोळा आला, कारण दिवाळी सहा दिवसांवर होती आणि दिवाळीनंतर माझे निम्मे सभासद चालते होणार होते.

आणि कायदा म्हणतो, पहिली वार्षिक सभा नोंदणीपासून ९० दिवसांत. म्हणजे ४ फेब्रुवारीच्या आत. कोरम एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश, म्हणजे एकवीस. जागा कार्यालयातच किंवा त्याच गावात. सार्वजनिक सुट्टीचा दिवस नको, कामकाजाची वेळ हवी. कृष्णाकाठच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, सभा घेण्याचा माझा बेत मॅडमनी एका वाक्यात मोडला. नोंदणी मार्च-एप्रिलमध्ये आली असती तर मेंढरं परतल्यावर निवांत जमलं असतं. फिरस्त्या लोकांची कंपनी काढणार असाल तर अर्ज कधी करायचा हे सरकारी वर्षावरून ठरवू नका, कळपाच्या वाटेवरून ठरवा.

मध्ये बँक. शाखेचं नाव घेत नाही. खातं उघडायला ४१ दिवस लागले. काउंटरवरच्या साहेबांनी 'प्रोड्युसर कंपनी' वाचून, कोणता पिक्चर काढताय, असं खरोखर विचारलं. मग संचालक मंडळाचा ठराव मागितला. संचालकांची सभा कुठेही घेता येते, म्हणून ती डिसेंबरात नानांच्या वाड्यावर, तोडलेल्या उसाच्या फडात घेतली. पाचटावर बसलो होतो, मागे मेंढरं रवंथ करत होती, आक्का एसटीने आल्या होत्या. ठरावावर पाच जणांपुढे पाच ओटीपी आले, त्यातला एक नेटवर्क नसल्याने बांधावर चढून घेतला. अण्णा ओटीपी, पासवर्ड, डिजिटल सह्या सगळं बघत होते. आटपाडीजवळ औंध संस्थानाच्या काळातली स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. तिथे जन्मठेपेचे कैदी भिंतीविना शेती करतात. अण्णा म्हणाले, "खुन्याला कुलूप न्हाई, आन तुमच्या आठ हजाराला सात कुलपं." भागभांडवल बँकेत जमा झाल्याचं दाखवून व्यवसाय सुरू केल्याची घोषणा १८० दिवसांत करावी लागते, म्हणून ही कुलपं उघडणं भाग होतं.

सभेची तारीख शेवटी देवानेच दिली. खरसुंडीला सिद्धनाथाची पौषी यात्रा असते. खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि बाहेर गेलेलं घर-घरटी एखादं माणूस तरी त्या दिवसांत येऊन जातं. सोमवार, २९ जानेवारी २०२४ ठरला. नोटीस १४ दिवस आधी हवी, म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळगुळाबरोबर वाटली. तेहतीस सभासद आले.

नोंदणीचा खर्च पहिल्या सभेत मंजूर करून घेतला तर कंपनी तो प्रवर्तकाला परत देऊ शकते. म्हणून पावत्या जपा. अण्णांनी मोठ्याने वाचलं: सेक्रेटरींची फी १८,०००, पाच डिजिटल सह्या ९,०००, नावाचे अर्ज २,०००, स्टॅम्प ड्युटी आणि सरकारी फी २,६००, नोटरी, प्रतिज्ञापत्रं आणि पॅन १,९००, येणं-जाणं, झेरॉक्स आणि चहा ६,४००. एकूण ३९,९००.

"च्या किती?" आक्का.

१,१५० रुपये.

"पारावरचा च्या आमीच दिलाता की."

खरं होतं. निम्म्या वेळा त्यांच्याच घरून यायचा, बाकीचा हॉटेलातला होता, पण वाद घालावासा वाटला नाही. ३८,७५० मंजूर झाले. तीन हप्त्यांत मिळायचे आहेत, एक अजून बाकी आहे.

तेव्हाच एक पेच आला. गलाईत असलेल्या माझ्या चुलतभावाला लाखभर रुपये घालायचे होते. गावच्या देवळाचा कळस, शाळेचं गेट, सगळं गलाईवाल्यांच्या वर्गणीतूनच झालंय. देणाऱ्याचं नाव संगमरवरी पाटीवर येतं आणि विषय संपतो. कंपनीत पाटी नाही, आणि तो उत्पादक नाही म्हणून शेअरही नाही. तो चिडला. मग त्याने आणि त्याच्या ओळखीच्या दुकानदारांनी ४० घोंगड्यांची आगाऊ ऑर्डर दिली, निम्मे पैसे आधी. आमचं पहिलं खेळतं भांडवल ते. तात्या चिंचोक्यांची खळ शिजवून ताण्याला कुंच्याने लावायला बसले, तो वास पुन्हा गल्लीत आला. आजोबांच्या मागाचा बुजवलेला खड्डाही मार्चमध्ये उकरला. त्यात एक तुटका धोटा, विड्यांची पाकिटं आणि माझी लहानपणची चप्पल निघाली.

चुका पुढेही झाल्या. संचालकांचं केवायसी तेव्हा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं असायचं. २०२४ मध्ये नानांच्या नातीने सिम बदललं, ओटीपी जुन्या नंबरवर गेला, तारीख चुकली. दंड ५,००० रुपये, म्हणजे अडीच-तीन घोंगड्या. चाळीसपैकी सहा घोंगड्या परत आल्या, टोचतात म्हणून. दख्खनी मेंढीची लोकर टोचतेच. पुढच्या वेळी आधी नमुन्याचा तुकडा पोस्टाने पाठवायला लागलो, तेव्हापासून परत आलेली नाही.

२०२४-२५ मध्ये १,१४० किलो लोकर जमली. मेंढीमागे वर्षाला जेमतेम अर्धा किलो मिळते, त्यावरून कळप किती असतील ते काढा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून डाळिंबाच्या बागा वाढल्या, चराईला रान कमी होत चाललंय, त्यामुळे हा आकडा वाढेलच असं मी कोणाला सांगत नाही. किलोला ८ प्रमाणे ९,१२० रुपयांचा दुसरा हप्ता झाला. संचालक मंडळाने तो शेअरच्या रूपात द्यायचं ठरवलं, ९१२ शेअर. सुतावरचा हिशेब वेगळा केला.

जून २०२५ मध्ये मेंढरं परतल्यावर पारावर प्रमाणपत्रं वाटली. आक्कांचं पहिलं, शंभर रुपयांचं, प्रमाणपत्र मी नोंदीसाठी मागितलं. त्यांनी त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. आटपाडीच्या बाजारात जाऊन लॅमिनेट करून आणलेलं. मॅडमनी बजावलं होतं की शेअर प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, पुढे मागे त्यावर नोंद करायची झाली तर अडचण होते. तेच सांगायला मी तोंड उघडलं आणि प्रमाणपत्र उलटं केलं. मागच्या बाजूला, त्याच प्लॅस्टिकमध्ये, १९८७ ची पावती होती.

"दोन येगळी केली तर चाळीस रुपयं सांगितलं," आक्का म्हणाल्या. "ह्यात वीसात भागलं."